घाडीकाकांच्या पत्राचा दुसरा परिच्छेद

आमच्या वाचनालयाची स्मरणिका यंदा पुन्हा निघाली आणि तिच्यात पुन्हा तेच छापून आलं: भांडुपचे कथालेखक कै. रामचंद्र घाडी यांच्या 'साचेखातं' या संग्रहाची परदेशातल्या सर्वोच्च साहित्य पुरस्कारासाठी नोंद झाली होती. सोबत शाल पांघरलेल्या घाडीकाकांचा फोटो, आणि फोटोत त्यांच्या डाव्या खांद्यामागे, दात दाखवत हसणारा मी. अशी नोंद कधीच झाली नव्हती. ती झाली असं भांडुपच्या टेकडीला ज्याने सांगितलं, तो मी. मी ठरवून खोटं बोललो की खोटं माझ्या तोंडून झालं, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही आणि आता सत्तरीला टेकल्यावरही कळत नाही. पण जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवायचं, एवढं मात्र यंदा ठरवलं आहे.

आमची चाळ टेकडीच्या मध्यावर होती. खाली कारखाने, वर करवंदीची जाळी, आणि मध्ये आम्ही, बहुतेक सगळे मालवण-कणकवलीकडचे. गिरण्या बंद पडल्या तशी परळ-लालबागकडची बरीच कुटुंबं इकडे सरकली, त्यात आम्हीही आलो. बाबा गिरणीतून सुटून एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले होते. त्यांच्या शर्टाला कायम व्हॅनिलाचा वास यायचा, आणि आयुष्यभर कापसाच्या तुसांत वावरलेल्या त्या माणसाला त्या वासाची लाज वाटायची. पहाटे आधी खालच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, मग नळ यायचा, मग हंड्यांची भांडणं, आणि या सगळ्याच्या खाली, भिंतीपलीकडून, एक सारखा आवाज चालू असायचा: घाडीकाकी भाकऱ्या थापायची. आमची आणि त्यांची खोली एकाच पत्र्याने तोडलेली, त्यामुळे त्यांच्याकडचं सुकट भाजलं की आम्हाला ठसका लागायचा आणि आमच्या काळ्या वाटाण्याच्या आमटीला फोडणी पडली की काकी तिकडून ओरडायची, "वहिनी, खोबरा करपला!"

ती भाकरी थापत असायची तेव्हा काका लिहीत असायचे. दाराशी भिंतीला टेकून, मांडीवर जेवायचा पाट उलटा ठेवून, त्यावर वहीचा कागद. पंचवीस-तीस वर्षं त्यांनी गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर काढली होती. ते म्हणायचे, आवाज असल्याशिवाय मला वाक्य सुचत नाही. साचे गेले, आता काकीची थाप. "ती थांबली की माझंपण थांबतं," असं हसून सांगायचे. 'साचेखातं' हे त्यांचं एकमेव पुस्तक. त्यातली 'बारा ताटं' ही गोष्ट मी इतक्या वेळा वाचली आहे की आता ती मला आठवते की मी ती जगलो, याचा गोंधळ होतो. खानावळ चालवणारी एक बाई असते. संप लांबतो, तिच्याकडे जेवणारे बारा गडी एकेक करून गावाला निघून जातात. तरी ती रोज बारा ताटं घासून मांडते. एवढीच गोष्ट.

आमचं वाचनालय म्हणजे सार्वजनिक गणपतीच्या मंडळाने दिलेली एक खोली. अध्यक्ष होते सावंत गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दिवसा मी घाटकोपरला एका कचेरीत टायपिस्ट होतो आणि संध्याकाळी वाचनालयात बिनपगारी ग्रंथपाल. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला टेकडीवर मी एकटा. दाराशी एक फळा होता. त्यावर सुविचार, अभिनंदनं आणि दुःखद निधनं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहायचो. फळ्यावर आलं म्हणजे ते खरं, असा टेकडीचा कायदा होता.

आणि आमची एक प्रथा होती, जी मुंबईत दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. परदेशातला तो सर्वात मोठा पुरस्कार जाहीर झाला, की गुरुजी सभा बोलवायचे. त्या पुरस्काराला आम्ही नुसतं 'जागतिक' म्हणायचो. "यंदाचा जागतिक कुणाला रे?" विजेत्याचं नाव पेपरात वाचून मी फळ्यावर लिहायचो. ते कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. त्याचं एकही पुस्तक आमच्याकडे नसायचं, आमच्याकडेच काय, घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत नसायचं. तरी अभिनंदनाचा ठराव मांडला जायचा. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर. मग मी तो इंग्रजीत टाइप करून त्या समितीच्या पत्त्यावर पाठवायचो. कुणाला हसू यायचं नाही. जगात कुठेतरी एका माणसाने चांगलं लिहिलं, त्याला भांडुपमधून शाबासकी गेली पाहिजे, यात आम्हाला काही वावगं दिसत नव्हतं. आजही मला त्यात हसण्यासारखं दिसत नाही.

अशाच एका सभेत कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, दरवर्षी त्यांचंच काय अभिनंदन करायचं? आपल्या घाडींना काय झालंय?" गुरुजी म्हणाले, "सूचक कोण?" तिथेच ठराव झाला. मंडळाचा खजिनदार नेमताना जसा सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, तसाच पुरस्कारालाही लागत असणार, अशी आमची सरळ समजूत. घाडीकाका संकोचून म्हणत होते, "अहो गुरुजी, कायतरीच काय," पण सभागृह मंजुरी देऊन मोकळं झालं होतं. मी ठराव टाइप केला, एका पत्रात 'बारा ताटं'चा सारांश माझ्या इंग्रजीत लिहिला, त्यावर तीन संध्याकाळी घालवल्या, आणि पुस्तकासह ते पाकीट रवाना केलं. मनातून मला ठाऊक होतं की असं काही होत नसतं. की नव्हतं ठाऊक? नसावं. कारण त्यानंतर रोज संध्याकाळी मी आधी टपाल बघायचो.

उत्तर आलं. जाड, सायीच्या रंगाचा कागद, वर उठावाचा शिक्का, बोट फिरवलं की लागणारा. पोस्टमनने ते रविवारआधीच दिलं होतं, पण गुरुजींनी फोडू दिलं नाही. सगळ्यांसमक्ष फोडायचं. रविवारी सकाळी खोली भरली. घाडीकाका बाकाच्या टोकाला, अंग चोरून. काकी खडखडे लाडवांचा डबा घेऊन दारात, आणि तिला चिकटून तिची मुलगी शालन, सातवी-आठवीतली. मागे माझे बाबा. बाबा वाचनालयात पहिल्यांदाच आले होते. माझ्या बी.ए.बद्दल त्यांचं मत सगळ्या चाळीला पाठ होतं: "इंग्रजी शिकान काय मोठे दिवे लावल्यान? दुसऱ्यांची पत्रां बडवता." त्या दिवशी मात्र ते मान उंचावून म्हणाले, "वाच रे विजू, काय लिवला हा ता."

मी उभा राहून वाचायला लागलो, एकेक वाक्य मनात मराठी करत. आपलं पत्र, आपला ठराव आणि श्री. घाडी यांचं पुस्तक पोचलं. मुंबईच्या एका उपनगरातले वाचक साहित्याचा इतका आदर करतात हे पाहून समितीला आनंद झाला. पुस्तक समितीच्या ग्रंथालयात ठेवून घेण्यात आलं आहे.

"ठेवून घेतलं!" गुरुजी ताडकन उठले. "परत नाही पाठवलं! अहो, चाळीस वर्षं मी शाळेत अर्ज बघितले. नामंजूर अर्ज परत येतो, मंजूर अर्ज ठेवून घेतात. नोंद झाली, घाडी! नोंद झाली!"

टाळ्या पडल्या. काकीचा डबा उघडला. माझी नजर दुसऱ्या परिच्छेदावर गेली होती आणि तिथला पहिलाच शब्द खेदाचा होता. एवढेच शब्द मी मनात वाचले: खेद वाटतो की. तेवढ्यात पाठीवर एक जड पंजा पडला. बाबांचा. तो हात माझ्या पाठीवर याआधी पडला होता तो मारायलाच. बाबा शेजारच्याला सांगत होते, "माझो झील तो. फाडफाड वाचता." त्यांच्या बाहीला व्हॅनिलाचा वास येत होता आणि त्या दिवशी त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. मी कागदाची घडी घातली.

घाडीकाका एकटे बसून होते. त्यांनी विचारलं, "विजू, एवढंच? पान तर भरलेलं दिसतंय."

"पुढे नुसते नमस्कार-चमत्कार आहेत, काका."

हे माझं वाक्य. बाकीची सगळी वाक्यं गुरुजींची, टाळ्यांची, लाडवांची म्हणता येतील. हे माझं. मग गुरुजी म्हणाले, "फळा घे," आणि मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं: अभिनंदन! अभिनंदन! अभिनंदन!

संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं मी म्हणत राहिलो. संध्याकाळपर्यंत फळा खालच्या नाक्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी शालनच्या शाळेत तिला सगळ्या वर्गासमोर उभं केलं. तिसऱ्या दिवशी काकी नळावर सर्वांत पुढे उभी होती आणि कुणी तिच्याशी भांडलं नाही. आता हे पुसायचं तर कुठून पुसायचं? पत्र काकांनी मागून घेतलं होतं, आठवडाभर त्यांच्याकडे होतं. त्याच आठवड्यात ते रोज संध्याकाळी वाचनालयात येऊन बसायला लागले. इंग्रजी-मराठी शब्दकोश घ्यायचे, तो घरी द्यायचा नियम नव्हता, म्हणून तिथेच कोपऱ्यात, वहीवर हात आडवा धरून काहीतरी टिपत. मी थट्टेने म्हणालो, "काय काका, परदेशात भाषण करायची तयारी?" ते म्हणाले, "बोलावलंच तर मुकं नको जायला." आम्ही दोघं हसलो. मला मात्र वाटलं, हा माणूस खरंच तयारी करतोय.

मग पत्र फ्रेम करायचं ठरलं. ते काकांनीच माझ्या हातात दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. म्हणाले, "तूच आणलंस, तूच बसव." स्टेशनाजवळ देवांच्या तसबिरी करणारा एक जण होता. त्याच्याकडे तयार चौकट होती ती आखूड, पत्र लांब. त्याने विचारलं, "कापू की दुमडू?" मी म्हणालो, "दुमड. इथून खालचा भाग मागे घे." आणि बोटाने रेघ दाखवली, बरोबर पहिल्या परिच्छेदाखाली. खालचं वाचण्याचं धाडस मला तेव्हाही झालं नाही. कापू दिलं नाही, एवढ्यावर मी त्या दिवशी स्वतःला बरा माणूस समजलो. रविवारचं एक वेळ घाबरून झालं असं म्हणेन, पण ही रेघ मी शांतपणे, दोन्ही पायांवर उभा राहून दाखवली.

सत्कार शाळेच्या हॉलमध्ये झाला. शाल, श्रीफळ, गुरुजींचं पाऊण तासाचं भाषण. काका बोलायला उभे राहिले आणि फार थोडं बोलले. "पत्रात काय आहे ते मला माहीत आहे," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला काय दिलंत तेही माहीत आहे. दोन्ही माझ्याकडे राहू देत." लोकांना वाटलं, नम्रपणा. टाळ्या. मीही टाळ्या वाजवल्या, फोटोत दिसतंय.

पुढे 'जागतिक' जाहीर झाला. रेडिओवरच्या बातम्यांत कुठल्या तरी दूरच्या देशाच्या लेखकाचं नाव आलं. गुरुजी म्हणाले, पहिल्या वर्षी कुणाला मिळत नाही, नोंद तर झालीय. सभा भरली आणि विजेत्याच्या अभिनंदनाचा ठराव आला. अनुमोदक कोण, असं विचारल्यावर घाडीकाकांनी हात वर केला. "अनुमोदन देतो." खोलीत काहींचे डोळे भरून आले, काय मोठ्या मनाचा माणूस म्हणून. मी वहीत त्यांचं नाव लिहिलं. त्यानंतर दरवर्षी, ते होते तोवर, अनुमोदक तेच.

आणि लिहिणं थांबलं. केव्हा थांबलं ते मला सांगता येणार नाही, कारण पत्र्यापलीकडून ऐकू यायची ती थाप, लिहिण्याला आवाज नसतो. काकीनेच एकदा मला जिन्यात गाठलं. भाजीची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून म्हणाली, "विजू, तुझ्या त्या पत्रान माझ्या माणसाचा काय केल्यान रे? पाट भिंतीक लावन ठेवल्यानी तो ठेवल्यानीच. जेवताना पण त्याच्यावर बसनत नाय."

"मोठं काहीतरी मनात असेल, काकी. आता जगासाठी लिहायचं म्हणजे..."

"जगासाठी?" ती म्हणाली. "माझ्या भाकरेसाठी लिवत होते ता बरा होता."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. ती जागा होती, ती वेळ होती, दोन पायऱ्यांवर दोनच माणसं. मी म्हणालो, "काकी, पिशवी द्या, वर नेतो." काका पुढे चार-पाच वर्षांनी गेले. फळ्यावर ते निधन मीच लिहिलं, आणि नावाखाली गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे 'जागतिक पुरस्कारासाठी नोंद झालेले' असंही लिहिलं.

या गोष्टीला माझ्या मनात एक ठरलेला आकार आला होता. मी खोटं बोललो, त्या खोट्याच्या ओझ्याखाली एका भोळ्या माणसाची लेखणी दबली. अपराधी मी, भोळे ते. या आकाराशी मी चाळीस वर्षं जुळवून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर अपराधालाही एक ऊब येते. यंदा शालनने तीही काढून घेतली.

चाळ पाडून तिथे टॉवर व्हायचा आहे, म्हणून ती खोली रिकामी करायला मुलुंडहून आली होती. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, केस पांढरे, बोलणं आईसारखं. स्मरणिका आली त्याच आठवड्यात ती फ्रेम घेऊन माझ्याकडे आली आणि चहा नको म्हणाली.

"हे उघडलंय मी," तिने सांगितलं. "मागचे खिळे बघ. दुकानातले नाहीत. बाबांनी नंतर ठोकलेत."

आत पत्र होतं, मी दाखवलेल्या रेघेवर दुमडलेलं. आणि त्यामागे वहीचा एक रेघांचा कागद. त्यावर काकांनी दुसरा परिच्छेद उतरवला होता, एकेक इंग्रजी अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलाने काढावं तसं, आणि प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ. खेद. निमंत्रित. केवळ. विचार करणे. अशक्य. माझ्या नजरेसमोर तो कोपरा आला, आडवा धरलेला हात, शब्दकोश. म्हणजे सत्काराच्या दिवशी ते सगळं जाणून शाल घेत होते. हात वर करून अनुमोदन देत होते.

"मला वाचवायला गप्प बसले?" मी विचारलं.

"तुला, आईला, मला. किंवा स्वतःला," शालन म्हणाली. "बाबांना देव करू नकोस, विजूदादा. शाल त्यांनाही आवडली होती. कपाटातून काढून बघायचे, मी पाहिलंय."

"मग लिहिणं का सोडलं?"

"ते मला काय माहीत? मी आठवीत होते. खोटं अंगावर पांघरून खरं लिहिता येत नसेल. किंवा आळस. तू तुझं उत्तर माझ्याकडून नको काढूस." मग तिने पत्राची घडी उलगडून तळाशी बोट ठेवलं. "हे बघितलंस का कधी?"

टाइप केलेल्या परिच्छेदाखाली, सहीच्याही खाली, कुणीतरी शाईने, जोडून, घाईच्या अक्षरात तीन ओळी लिहिल्या होत्या. त्या मी कधी पाहिल्याच नव्हत्या, कारण मी खेदाच्या त्या शब्दांपुढे गेलोच नव्हतो. काकांनी पाहिल्या होत्या. पण लपेटीचं इंग्रजी अक्षर शब्दकोशात सापडत नाही. त्यांनी त्या ओळी वहीच्या कागदावर चित्र काढावं तशा उतरवल्या होत्या, वळण न् वळण, आणि खाली अर्थाची जागा कोरी. फक्त कडेला पेन्सिलीने दोन शब्द: विजूस विचारावे. आणि त्यांवर एक आडवी रेघ. विचारलं असतं, तर त्यांना सगळं कळलंय हे मला कळलं असतं. म्हणून नाही विचारलं. त्या तीन ओळी मग घडीच्या मागे राहिल्या.

"वाच," शालन म्हणाली.

"तुला येतं इंग्रजी. तू वाचलंही असशील."

"मला येतं. तरी तू वाच. मोठ्याने, मराठीत. तेव्हा करायचं होतंस तसं."

मी उठून उभा राहिलो. का कोण जाणे, बसून वाचवेना. कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर वाकून, एकेक वाक्य मनात मराठी करत, वाचलं:

"आम्हाला खेद वाटतो की, ज्यांना समितीने तसं निमंत्रण दिलेलं असतं, केवळ त्यांनीच सुचवलेल्या नावांचा विचार होऊ शकतो. त्यामुळे श्री. घाडी यांच्या नावाचा विचार करणं आम्हाला अशक्य आहे." आणि खाली, हाताने: "आपल्या पत्रातली बारा ताटं मांडणारी बाई दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. ती गोष्ट कुणी इंग्रजीत केली तर मला अवश्य पाठवा. पुरस्कारासाठी नव्हे, मला वाचायची आहे."

सही वाचता येत नव्हती. बाई की पुरुष, तेही कळत नव्हतं. खाली दाराशी कुणाचा तरी ट्रक मागे येत होता, त्याचा भोंगा वाजत राहिला आणि थांबला.

शालनने विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. "आता पान संपलं."